विषय: तुळशीच्या दिव्याच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात

प्रेषक: नाना, मिल वुड्स

सप्रेम नमस्कार.
तुळशीच्या कुंड्यांना तळघरात उजेड देणाऱ्या दिव्यासाठी गेल्या वर्षीच्या खोक्याऐवजी या वेळी २ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून नवे खोके केले, त्यात चार एलईडी पट्ट्या आणि १०० वॉटचा ड्रायव्हर (घरची वीज एलईडीला लागेल तशी करून देणारा डबा) बसवला आणि काल संध्याकाळी दिवा लावला. प्रकाश उत्तम पडतो; परंतु कुंडीला पाणी घालताना मनगटाची आतली बाजू पत्र्याला लागली की झिणझिण्या येतात. वायर तीन पिनांची आहे आणि हिरवी (अर्थिंगची) तार खोक्याला बोल्टने आवळलेली आहे, मग असे का व्हावे? तुळशीच्या लग्नाला तीन आठवडे उरले आहेत आणि मंडळाच्या अकरा कुंड्या माझ्या तळघरात आहेत. कृपया आजच कळवावे.

प्रेषक: ताई, सेंट अल्बर्ट

नाना, दोष खोक्यात नसून घराच्या वायरिंगमध्ये असावा. आमच्या पहिल्या घरात तीन भोकांचे सॉकेट बसवलेले होते, परंतु भिंतीत अर्थिंगची तारच नव्हती, आणि हे आम्हांला धुलाईयंत्राचा झटका बसल्यावर कळले. इथे कॅनडात, एडमंटनच्या जुन्या घरांत असे सर्रास आढळते. इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

प्रेषक: नाना, मिल वुड्स

ताई, आमचे घर १९७८ सालचे आहे आणि तळघरातले प्रत्येक सॉकेट मी तीन दिव्यांच्या टेस्टरने तपासले आहे. अर्थिंग व्यवस्थित आहे.

प्रेषक: अप्पा, शेरवूड पार्क

नाना, सर्वांत आधी प्लग काढून ठेवा आणि दुरुस्ती होईपर्यंत ओल्या हाताने त्या खोक्याजवळ जाऊ नका.
ड्रायव्हरच्या आत विजेतला गोंगाट, म्हणजे नको असलेले बारीक चढउतार, गाळण्यासाठी बारीक कपॅसिटर असतात व त्यांतून अगदी थोडा प्रवाह ड्रायव्हरच्या धातूच्या कवचावर येत राहतो; तो अर्थिंगच्या तारेने निघून जावा अशीच त्याची रचना असते. ती वाट बंद असली तर सबंध खोक्यावर १२० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास दाब राहतो आणि हाताला झिणझिण्या जाणवतात. तेवढ्याने सहसा इजा होत नाही, परंतु उद्या काळ्या (वीज आणणाऱ्या) तारेचे आवरण पत्र्याच्या धारेवर कापले गेले तर पूर्ण १२० व्होल्ट त्याच पत्र्यावर येतील, आणि खाली कुंड्यांची ओली माती आहे.
आता माझा प्रश्न असा की छिद्रे पाडल्यानंतर आपण खोक्याला रंग मारला का? मारला असेल तर दोष तिथेच आहे. ड्रायव्हर आपण पत्र्यात घुसणाऱ्या स्क्रूंनी बसवला असणार, ते रंग फाडून धातूला भिडतात. परंतु हिरव्या तारेचा बोल्ट रंगलेल्या छिद्रातून जातो आणि त्याच्या डोक्याखाली व नटाखाली रंगाचाच थर राहतो. दिसायला जोड पक्की, प्रत्यक्षात तुटलेली. मल्टिमीटरचे एक टोक प्लगच्या गोल पिनेला व दुसरे पत्र्याच्या खरवडलेल्या जागेला लावा. बीप आला नाही तर रंगच आडवा आला आहे.

प्रेषक: वहिनी, विंडरमियर

मला मूळ प्रश्नच पटत नाही. ॲल्युमिनियम कशाला? घरात स्टीलची मोठी परात पडून आहे, तिला गंजही चढत नाही आणि रंगही लागत नाही.

प्रेषक: अप्पा, शेरवूड पार्क

वहिनी, स्टीलच्या पातेल्यात दूध तळाला का लागते? आचेवरची जागा तापते आणि उष्णता बाजूला पसरत नाही, म्हणूनच तांब्याच्या बुडाची पातेली निघाली. एलईडीला दिलेल्या विजेतली निम्म्याच्या आसपास उष्णता होते आणि ती प्रकाशाबरोबर पुढे न जाता पट्टीच्या पाठीतून मागे उतरते. ॲल्युमिनियम ती स्टेनलेस स्टीलच्या दहापटीहून अधिक वेगाने वाहून नेते. परात परातीच्याच कामाला ठेवावी.

प्रेषक: सचिव

सर्व सभासदांस विनंती, हा दिवा हॉलवर आणू नये. तेथील व्यवस्थापन प्रमाणित खूण नसलेले कोणतेही विजेचे उपकरण आत घेऊ देत नाही आणि अनामत रक्कम मंडळाच्या नावावर आहे. कुंड्या लग्नाच्या सकाळी आणाव्यात. तसेच अकरा कुंड्या कोणी ठरवल्या हे कृपया कळवावे. कार्यकारिणीत आठच ठरल्या होत्या.

प्रेषक: ताई, सेंट अल्बर्ट

आठ कुंड्या मंडळाच्या व तीन बालवर्गाच्या, हे मागच्या इतिवृत्तात आहे.

प्रेषक: नाना, मिल वुड्स

अप्पा, आपले निदान तंतोतंत खरे ठरले. मीटर गप्पच होता. प्लग काढून बोल्टभोवतीचा रुपयाएवढा रंग कानशीने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला, वायरची व ड्रायव्हरची हिरवी तार, जी मी दोन निरनिराळ्या बोल्टांना लावली होती, ती एकाच बोल्टखाली घेतली, दातेरी वॉशर घातला, आणि पहिल्यांदा बीप ऐकला. वायर पत्र्यातून आत शिरते तेथे कापलेल्या धारेचा खरखरीत कंगोरा बोटाला लागत होता, म्हणून तो घासून रबरी कडे बसवले. ड्रायव्हर खोक्याच्या बाहेर, वरच्या बाजूला काढला. गेल्या वर्षी तो आत होता आणि दुसऱ्याच आठवड्यात तापून बंद पडत होता, हे आपणा सर्वांना आठवत असेल. आता तीन तास दिवा लावल्यावरही त्यावर हात ठेवता येतो आणि पत्र्याला झिणझिण्या मुळीच नाहीत.
रोज १४ तासांचा टायमर लावला आहे, कारण येथे डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा होतो आणि लग्नानंतरही या कुंड्या जगवायच्या आहेत. सचिवसाहेब, दिवा तळघरातच राहील. बालवर्गाच्या तीन कुंड्या मी स्वतंत्र खोक्यात घालून आणीन. त्यांतल्या एकीला काल मंजिरी आली आहे.