वडिलोपार्जित चित्रं लिलावाला पाठवायची आहेत, नाटकाचा पडदाही आहे. कुठून सुरुवात करावी?

करवीर_पेठ (प्रश्न)

कोल्हापुरातल्या आमच्या घरात तीन वस्तू आहेत. पहिलं जलरंगातलं निसर्गचित्र, साधारण १० × १४ इंच, काचेच्या फ्रेममध्ये. सही नाही, घरात ते कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहमान यांचं म्हणून सांगतात. दुसरं कॅनव्हासवरचं तैलरंगातलं व्यक्तिचित्र. खाली पुसट सही आहे, वरचं व्हार्निश पिवळं पडलंय. तिसरा नाटकाच्या रंगवलेल्या पडद्याचा मोठा तुकडा, १२ फूट रुंद, ९ फूट उंच, सध्या घडी घालून ट्रंकेत.

दोन्ही चित्रं विकायची आहेत. वारस चौघे आहेत आणि चौघांचं एकमत आहे. लिलावगृह बरं की मुंबई-दिल्लीची आर्ट फेअर? आधी साफसफाई करून घ्यावी का? शिवाय शहरातल्या एका प्रायोगिक नाट्यसंस्थेला पडदा त्यांच्या नव्या प्रयोगात टांगायचा आहे. द्यावा का?

कोटितीर्थ

साफसफाई अजिबात नको. कापलेला बटाटा, पावाचा गर, ओलं फडकं, जवसाचं तेल असले घरगुती उपाय कोणी सुचवले तरी हात लावू देऊ नका. तेलाने चित्र चार दिवस उजळ दिसतं, मग तेच तेल पिवळं पडतं आणि धूळ धरतं. पिवळं व्हार्निश काढण्याचं काम कॉन्झर्व्हेटरचं (जुन्या चित्रांचं जतन-दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञाचं) आहे, आणि ते काढायचं की नाही हे लिलावगृहाशी बोलल्यावर ठरवा. जुनं, न छेडलेलं चित्र तज्ज्ञांना जास्त विश्वासाचं वाटतं. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर कोरडा ब्रशसुद्धा फिरवू नका, चित्र आडवं ठेवा आणि तसंच राहू द्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचा विभाग आहे, पहिली विचारणा तिथे करता येईल.

आता जलरंगाकडे येऊ. कोल्हापुरात सही नसलेलं बरं निसर्गचित्र दिसलं की ते आबालालांचं म्हणायची पद्धत आहे. त्यांनी आपली पुष्कळ चित्रं इथल्या कोटितीर्थ तळ्यात सोडून दिली असं सांगितलं जातं. मागे राहिलेलं काम थोडं आणि नाव मोठं, त्यामुळे हे होतं. म्हणून आधी चित्र खोटं ठरतंय का ते तपासा. खोटं ठरलं नाही, तर मग खरं ठरवण्याच्या मागे लागा.

१० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून आकाशाचा भाग बघा. रंगाचे सुटे ठिपके पसरलेले दिसले तर ते छापील चित्र आहे. रविवर्म्याच्या छापखान्याची चित्रं (तो १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला) आपल्याकडच्या जुन्या घरांत खूप आहेत, आणि त्यांतली काही व्हार्निश लावून तैलचित्रासारखी केलेली असतात. जलरंगात रंगाचं पाणी कागदाच्या खळग्यांत साचून कडेला गडद रेघ उमटते. छापील चित्रात ती रेघही ठिपक्यांचीच असते.

मग ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च घ्या, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावा आणि खोली पूर्ण अंधारी करा. कागद निळसर पांढरा झळकला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर (कागद शुभ्र दिसावा म्हणून घातलेलं रसायन) आहे, आणि तो कागदात सर्रास यायला लागला १९५० च्या सुमारास. आबालाल १९३१ मध्ये गेले. कागद झळकला तर तो विषय तिथेच संपला. नाही झळकला म्हणून चित्र त्यांचं ठरत नाही, फक्त शक्यता उरते. आधी काचेतूनच बघा. काच यूव्ही अडवणारी असेल तर निकाल फसवा येतो, पण जुन्या साध्या काचेतून पुरेसं कळतं.

तैलचित्रावर हाच टॉर्च फिरवला की जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतर केलेली डागडुजी काळ्या डागांसारखी दिसते. सहीकडे नीट बघा. सही चमकणाऱ्या थराच्या वर काळी तरंगताना दिसली, तर ती व्हार्निशनंतर घातलेली आहे. मागच्या बाजूचे कॅनव्हास कंपनीचे शिक्के, फ्रेमवाल्याची चिठ्ठी, पेन्सिलीचे आकडे, सगळं जपा. जुना पाठपुठ्ठा कुजका असला तरी फेकू नका, वेगळा काढून पिशवीत ठेवा.

शेवटी तुलना. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आबालालांची मूळ चित्रं आहेत. तिथे विषय बघू नका, रंकाळा आणि पंचगंगा सगळ्यांनीच रंगवली. झाडांची पालवी एका फटक्यात घेतलीय की टिपक्यांनी, पाण्यातलं प्रतिबिंब ओल्या कागदावर ओला रंग सोडून केलंय का, उजेडासाठी कागद कोरा राखलाय की पांढरा रंग लावलाय, हे बघा. आपल्या चित्राचे मोठे फोटो फोनमध्ये घेऊन जा.

लिलाव_वाचक

आर्ट फेअर तुमच्यासाठी नाही. इंडिया आर्ट फेअर (२००८ पासून, दिल्ली, सहसा फेब्रुवारीत) आणि आर्ट मुंबई (२०२३ पासून, महालक्ष्मी रेसकोर्स, नोव्हेंबर) इथे गॅलऱ्या स्टॉल घेतात आणि भर समकालीन व आधुनिक कामांवर असतो. खासगी मालकाला एक-दोन जुनी चित्रं घेऊन तिथे जागा मिळत नाही. बघायला मात्र जरूर जा. त्याहून उपयोगी म्हणजे लिलावाआधीची प्रदर्शनं. मुंबईत ती लोकांसाठी खुली असतात. विनंती केली तर चित्राची मागची बाजू दाखवतात, स्थितीचा अहवाल देतात. विकण्याआधी असं एक तरी प्रदर्शन बघाच.

सॅफ्रनआर्ट, पुंडोल्स, अस्तगुरु ही तिन्ही लिलावगृहं मुंबईची. फोटो पाठवून प्राथमिक मत घेता येतं, एकाच वेळी दोघांकडे विचारलं तरी चालतं. फोटो असे काढा: फ्लॅश बंद, दिवसाचा सावलीतला उजेड, फोन चित्राला समांतर. समोरून पूर्ण, मागून पूर्ण, चार कोपरे, सही, आणि एक फोटो बाजूने तिरपा टॉर्च मारून, म्हणजे भेगा आणि सुरकुत्या उठून दिसतात. माप फ्रेम सोडून फक्त चित्राचं, आधी उंची मग रुंदी. चित्र घरात कसं आलं ते पाच ओळींत लिहा. जुनी पत्रं, पावती, भिंतीवर चित्र दिसणारा जुना कौटुंबिक फोटो असेल तर जोडा. असा एक फोटो ऐकीव माहितीच्या दहा पानांपेक्षा मोलाचा. ‘आबालाल’ हा शब्द ‘घरात असं सांगितलं जातं’ एवढाच ठेवा, दावा करू नका. कॅटलॉगमध्ये ‘यांचं’, ‘यांचं मानलं जाणारं’ आणि ‘यांच्या शैलीतलं’ अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला किंमत खूप खाली येते.

करारात बघायचं ते असं: अंदाजित किंमत, राखीव किंमत (जिच्या खाली विकायचं नाही ती), विक्रेत्याचं कमिशन, विमा आणि फोटोचा खर्च कोणाचा, मध्येच मागे घेतल्यास दंड किती, न विकल्यास परत आणायचा खर्च कोणाचा, पैसे किती दिवसांनी. कमिशनवर घासाघीस होते, जरूर करा.

हिशेब उदाहरणाने सांगतो. समजा हातोडा ५,००,००० ला पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी लागली. खरेदीदाराचा प्रीमियम (बोलीवर द्यायची जादा रक्कम) २० टक्के धरला तर तो ६,००,००० अधिक जीएसटी भरतो, पण प्रीमियम लिलावगृहाचा. तुमचं कमिशन १० टक्के धरलं तर ५०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९,००० वजा. उरले ४,४१,०००, चौघांत प्रत्येकी १,१०,२५०, विमा आणि कराआधी. वर्तमानपत्रात येणारा आकडा बहुतेक वेळा प्रीमियम धरून असतो, त्यावरून घरात वाटणीची स्वप्नं रंगवू नयेत.

राखीव किंमत चढी ठेवायचा मोह टाळा. बोली न लागलेलं चित्र निकालांच्या यादीत तसंच दिसत राहतं. पुढचा प्रत्येक खरेदीदार ते शोधून काढतो आणि भाव पाडून मागतो.

दस्तऐवज

कायद्याचं थोडक्यात. पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ नुसार १०० वर्षांहून जुनं चित्र पुरावशेष ठरतं. त्याची नोंदणी करावी लागते आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. देशात विकता येतं, पण परदेशी बोलीदार गळाल्यामुळे भाव मर्यादित राहतो. तुमच्या व्यक्तिचित्रावरचं साल वाचता आलं तर हे लगेच ठरेल, म्हणून तिरप्या उजेडातला सहीचा फोटो महत्त्वाचा. याशिवाय रविवर्मा, अमृता शेरगिल यांच्यासह नऊ चित्रकारांची कामं वय न बघता निर्यातबंद आहेत. त्यांत कोल्हापूरचं कोणी नाही.

चौघांचं लेखी संमतीपत्र आणि त्यात एकाला सही-व्यवहाराचे अधिकार, हे आधी करा. तोंडी एकमत पैसे दिसले की बदलतं.

कर: चित्रं वैयक्तिक वापराच्या वस्तूंत धरत नाहीत, म्हणून नफ्यावर भांडवली नफा कर लागतो. २४ महिन्यांहून जास्त काळ मालकी असेल तर सध्या १२.५ टक्के. वारशात आधीच्या मालकाचा काळही मोजला जातो. १ एप्रिल २००१ आधीपासून घरात असेल तर त्या तारखेची वाजवी किंमत खर्च म्हणून धरता येते. नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला घ्या.

आणखी एक. प्रताधिकार कायद्याच्या ५३ अ कलमात १०,००० रुपयांवरच्या पुनर्विक्रीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा आहे, पण प्रताधिकार चालू असेपर्यंतच, म्हणजे मृत्यूनंतर ६० वर्षं. आबालाल (मृत्यू १९३१) आणि कोल्हापूरचेच चित्रकार बाबूराव पेंटर (मृत्यू १९५४) यांची मुदत संपली. व्यक्तिचित्र माधवराव बागलांसारख्या नंतरच्या चित्रकाराचं निघालं तर हा मुद्दा जिवंत आहे.

करवीर_पेठ

फार उपयोगी. पडद्याबद्दल कोणी सांगेल का? संस्था म्हणते फक्त दोन प्रयोग, पाठीमागे टांगायचा आहे, हात लावणार नाही.

विंगेतून

देऊ नका. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, ती या शहराची खास परंपरा आहे, आणि त्या काळचे पडदे फार थोडे उरले आहेत. तुमचा तुकडा कोणाचाही असो, जपण्याजोगा आहे.

तो टांगल्यावर काय होतं ते सांगतो. असे पडदे पावडरी रंग सरसात (चिकट डिंकासारख्या द्रवात) कालवून रंगवलेले असतात. सरस कोरडा पडला की रंगाची धरच सुटते. टांगल्यावर सगळं वजन वरच्या काठावर येतं, जुनं सूत तिथेच फाटतं. १००० वॉटच्या हॅलोजनची उष्णता, धुराच्या मशीनचा ओलसर थर, आणि विंगेतून जाणाऱ्या नटाचा खांदा. पाण्याचा एक थेंब पडला तरी रंग ओघळतो. शिवाय आगीचा प्रश्न आहेच. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालेलं कोल्हापूर विसरलेलं नाही. जुनं सुती कापड रंगमंचावर टांगूच नये.

संस्थेला छापील प्रत करून द्या, प्रयोगाला ती जास्त सोयीची. पडदा स्वच्छ चादरीवर जमिनीवर अंथरा, कॅमेरा वर स्टँडवर सरळ खाली, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड. तुकड्या-तुकड्याने फोटो घ्या, शेजारच्या दोन फोटोंत ३० टक्के भाग सामाईक हवा, नाहीतर संगणकावर जोड नीट बसत नाही. प्रेक्षक १५-२० फुटांवर असतील तर इंचाला ७५ पिक्सेल पुरतात. १४४ × १०८ इंचाला १०,८०० × ८,१००, म्हणजे सुमारे पावणेनऊ कोटी पिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने १२ फोटोंत आरामात होतं. रंग जुळवायला एका कोपऱ्यात करड्या रंगाचं कार्ड ठेवून एक फोटो घ्या.

फ्लेक्सवर छापू नका, दिव्यात चकाकतो आणि संवाद चालू असताना कडकडतो. मॅट सुती कापड घ्या. छपाईची रुंदी बहुधा ५ फुटांच्या आसपास मिळते, म्हणून ४-४ फुटांचे तीन उभे पट्टे करा. शिवण चित्रातल्या खांबाच्या किंवा झाडाच्या कडेवर आणा. वर जाड पट्टी शिवून दर फुटाला आयलेट (धातूची कडी बसवलेलं भोक) आणि नाडी, खाली नेफा करून त्यात अर्ध्या इंचाचा पाइप. पाइप नसेल तर पंख्याच्या वाऱ्याने देखावा हलतो.

आग सहज लागू नये म्हणून १० लिटर गरम पाण्यात ७०० ग्रॅम बोरॅक्स आणि ३०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून कापड भिजेपर्यंत फवारा आणि वाळवा. आधी छापलेल्या वीतभर तुकड्यावर करून बघा, काही शाया फुटतात. वाळलेल्या तुकड्याला उघड्यावर काडी लावा. काडी काढल्यावर तो विझला पाहिजे. कापड धुतलं की हे क्षार निघून जातात, पुन्हा फवारावं लागतं.

मूळ पडद्याची घडी मात्र लगेच मोडा. घडीच्या रेषेवरच रंग गळतो. ६ इंच व्यासाचा १० फुटी पीव्हीसी पाइप आणा, त्यावर आधी ॲल्युमिनियमची फॉइल, मग धुऊन खळ काढलेलं मांजरपाट. रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा, मध्ये मांजरपाटाचा थर द्या. रंगाची बाजू आत गेली तर ती दाबली जाऊन चुरते. पाइप दोन टोकांवर आधार देऊन अधांतरी ठेवा, जमिनीवर नको. प्लास्टिकमध्ये बंद करू नका, आपल्या पावसाळ्यात आत बुरशी येते. डांबरगोळ्या पडद्याला टेकू देऊ नका.

कोटितीर्थ

पाठवण्याबद्दल राहिलं होतं. जून ते सप्टेंबर चित्रं हलवू नका. जलरंगाच्या काचेवर मास्किंग टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या लावा, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रात घुसत नाहीत. तैलचित्राला बबलरॅप थेट लावू नका, उन्हात तापलेल्या गाडीत फुग्यांचे वळ व्हार्निशवर उठतात. आधी ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, मग फोम, मग १२ मिलिमीटर प्लायची पेटी. पेटीला स्क्रू मारा, खिळे नकोत, ठोकण्याच्या धक्क्याने पापुद्रे सुटतात. पेटी उभी न्या, बसच्या डिकीत नको. विमा भिंतीवरून काढल्यापासून लिलावगृहाची पोच मिळेपर्यंतचा घ्या. पोचपावतीवर चित्राची स्थिती त्यांच्याकडून लिहून घेतल्याशिवाय निघू नका.