आठ दिवसांचा हिशेब

कोणीतरी लिहिलंय की अणुस्फोटातून पसरणाऱ्या किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवसांचं, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं, तेव्हा दोन-तीन महिन्यांत विषय संपला. आयोडीन संपतं हो, पण ते शोषून घेणाऱ्या थायरॉइडला, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीला, झालेली इजा उरते. १ मार्च १९५४ ला पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेने केलेल्या ‘ब्राव्हो’ या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणी स्फोटानंतर जवळच्या राँगेलाप बेटावर पांढरी किरणोत्सर्गी भुकटी पडली, जळलेल्या प्रवाळाची. पोरं तिच्यात खेळली, पिण्याच्या पाण्यातही तीच. लोकांना हलवायला दोन दिवस लागले. मुलांची ग्रंथी इवलीशी, त्यामुळे तिच्यावर किरणांचा मारा कितीतरी जास्त. थायरॉइडची पहिली गाठ सापडली १९६३ मध्ये, तब्बल नऊ वर्षांनी! स्फोटाच्या वेळी तान्ही असलेल्या दोन मुलांची तर, थायरॉइड निकामी झाल्याने, वाढच खुंटली. आणि मधल्या काळात, १९५७ मध्ये, ‘आता धोका नाही’ म्हणत याच लोकांना त्याच बेटावर परत नेऊन सोडलं होतं.