मदत हवी आहे: जग संपल्यानंतरचे ॲनिमेशनपट सुचवा

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. परवा रात्री पाऊस नुसता मी म्हणत होता, तेव्हा ११ वर्षांच्या भाच्याला शेन ॲकरचा '९' (२००९) दाखवला. माणसं संपलेली, उरल्यात गोणपाटाच्या बाहुल्या. पोटावर चेन, डोळ्यांच्या जागी कॅमेऱ्याची भिंगं. वाटलं, घाबरेल. पोरगं त्या चेनवरच अडकलं: "मामा, आत काय ठेवतात?" आता रोज तसलंच हवंय. (मला स्वतःला त्याचा मूळ ११ मिनिटांचा लघुपट जास्त भावतो; २००५चा, एक शब्दही नसलेला.)

'फ्लो' (पुरात सापडलेल्या मांजराचा ॲनिमेशनपट) पाहून झाला. मांजर पाण्यात पडलं की आई उठून आत जायची.

चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळी पोरं घरी जमतील. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधून झाली की मागच्या खोलीत भिंतीवर चादर लावून सिनेमा दाखवायचा बेत आहे. दीड तासाच्या आतले, काळोखे पण रक्तपात नसलेले संगणकीय ॲनिमेशनपट सुचवाल का? संवाद कमी असले तर उत्तम, धाकट्यांना इंग्रजी झेपत नाही.

आणि आई विचारते, "सणासुदीला असलं अभद्र कशाला?" तिला काय सांगू?