‘क्षमताबांधणी अनुदान’ म्हणजे नेमकं काय?

मूळ प्रश्न

तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयाची मी कार्यवाह आहे. एका न्यासाने छोट्या संस्थांकडून अर्ज मागवले आहेत. वाचनालयं, स्थानिक इतिहास मंडळं, मोडीचे वर्ग चालवणाऱ्या संस्था अशांसाठी. इंग्रजी अर्ज मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं आणि पहिल्याच ओळीतल्या ‘कपॅसिटी बिल्डिंग ग्रँट’पाशी मी अडले.

सरकारी कागदांत ‘क्षमताबांधणी’ दिसतं, म्हणून तेच लिहून कार्यकारिणीत वाचून दाखवलं. आमच्या देवघेवीच्या टेबलावर कित्येक वर्षं बसणारे काका म्हणाले, “बरं झालं, फाटक्या पुस्तकांची बांधणी एकदाची होऊन जाईल.” त्यांच्या कानाला बांधणी म्हणजे पुस्तकांचीच. दुसरे सदस्य म्हणाले, प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचं ते ठरवून टाका. अर्जात तर स्पष्ट म्हटलंय की पैसा हिशेबनीस, ग्रंथसूची, कपाटं, संगणक आणि पुढच्या काही वर्षांचा आराखडा यांवर खर्च करायचा. व्याख्यानमालेवर किंवा स्पर्धांवर नाही. वाचणाऱ्याला हे लगेच कळेल असा शब्द आहे का? ‘ह्यूमॅनिटीज’ आणि ‘नॉनप्रॉफिट’लाही काय म्हणावं?

प्रतिसाद : एक ग्रंथपाल

ताई, तुमच्या सदस्यांचं काही चुकलेलं नाही. ‘क्षमताबांधणी’ हा शब्द इतक्या कार्यशाळांच्या फलकांवर लागलाय की त्याचा अर्थच आता प्रशिक्षण असा आक्रसला आहे. आमच्या भागातल्या एका वाचनालयाला असाच पैसा मिळाला होता. त्यांनी दोन दिवसांचं शिबिर घेतलं, नाश्ता-जेवण झालं, प्रमाणपत्रं वाटली. दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद करायची वही, मात्र अर्धवटच राहिली, आणि ती पूर्ण करायला माणूस ठेवण्याची मुभा त्या अर्जात होती! शब्द नीट असता तर तो पैसा योग्य ठिकाणी गेला असता, असं मला आजही वाटतं.

आपल्या क्षेत्राकडे या बाबतीतले शब्द आहेत, ते आधी पाहा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. त्याखालच्या १९७०च्या नियमांत दोन अनुदानं वेगळी काढली आहेत : ‘सहायक अनुदान’ आणि ‘इमारत व साधनसामग्री अनुदान’. आपण रोज बोलतो ते ‘परिरक्षण अनुदान’. पगार, भाडं, वीज, पुस्तकखरेदी, नियतकालिकं, सगळं त्यातून. वाचनालयाच्या अ, ब, क, ड या सरकारी वर्गाप्रमाणे रक्कम ठरते. २०२२ साली त्यात ६० टक्के वाढ झाली, तरी सगळ्यांत खालच्या ड वर्गाच्या वाचनालयाला त्यात पूर्ण वेळ माणूस ठेवता येत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

परिरक्षण म्हणजे आहे ते सांभाळणं. तुमच्या अर्जातलं अनुदान त्याच्या पुढचं आहे. संस्था आज जे करू शकत नाही ते उद्या तिला स्वतःच्या बळावर करता यावं, यासाठीचा हा पैसा. म्हणून मी ‘बळकटी’ या शब्दाकडे झुकतो. ‘संस्था-बळकटी अनुदान’ म्हटलं की बळ कोणाला द्यायचं ते शब्दातच आलं : संस्थेला. ‘क्षमता’ म्हटलं की ती कोणाची, हा प्रश्न उरतोच.

‘सक्षमीकरण’ मात्र नको. ते महिला सक्षमीकरण, दिव्यांग सक्षमीकरण अशा माणसांच्या संदर्भात रुळलंय आणि तिथेच शोभतं.

प्रतिसाद : मोडी कागदपत्रांचा अभ्यासक

‘बांधणी’ला इतकं दूर लोटू नये असं मला वाटतं. पक्षबांधणी, मोर्चेबांधणी या शब्दांत विखुरलेलं एकत्र आणून त्याला आकार देणं हा अर्थ आहेच. अडचण ‘क्षमता’ची आहे. क्षमता असते, वाढते, कमी पडते. ती बांधायची कशी? बांधायची असेल तर संस्था बांधा.

आता ‘अनुदान’. देणाऱ्याच्या हातून सुटली की देणगी मोकळी होते. अनुदानाच्या मागे अटी, हप्ते, लेखापरीक्षण आणि पैसा ठरल्या कामीच खर्च झाल्याचं विनियोग प्रमाणपत्र येतं. तुमच्या न्यासाने हप्ते आणि अहवाल मागितले असतील तर ‘अनुदान’च लिहा, ‘देणगी’ नको.

विद्येला पैसा देण्याचे आपले जुने शब्द म्हणजे वर्षासन, इनाम, दक्षिणा. पेशवाईत श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर त्याच रकमेतल्या पैशावर १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ साली सुधारकांनी अर्ज केला की दक्षिणेतला काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. शहरात मोठं वादळ उठलं, पण १८५१ साली दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झालीच. म्हणजे व्यक्तीला दिलेला पैसा आधी पाठशाळेकडे वळला, मग ग्रंथनिर्मितीकडे. संस्थेच्या रोजच्या प्रपंचासाठी पैसा मागायला आपल्याला अजून संकोच वाटतो, त्याचं मूळ मला इथे दिसतं : आपण विद्वानाला दिलं, ग्रंथाला दिलं, ग्रंथ ठेवायच्या कपाटाला देणं कोणाला सुचलं नाही.

मी ज्या दप्तरात, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, बसतो तिथे कागद रुमालात बांधलेले आहेत. एका रुमालाची गाठ सोडली की आधी कसरीची भुकटी बोटांना लागते, मग कागद हाती येतो. त्यावर कार्यक्रम करायला प्रायोजक मिळतो. रुमाल बदलायला, कागद सरळ करून पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवायला, त्याची यादी करायला मिळत नाही. तुमचं अनुदान त्यासाठी असेल तर अर्जात ‘दप्तराची निगा’ असंही लिहा. निगा हा शब्द सगळ्यांना कळतो.

प्रतिसाद : भाषांतरकार

‘ह्यूमॅनिटीज’साठी मराठी विश्वकोशातला ‘मानव्यविद्या’ घ्या. ‘मानविकी’ हिंदीतून आलाय. पण अर्जाच्या मथळ्यात भाषा, इतिहास, साहित्य, लोककला असं फोडून लिहिलंत तर खेड्यातल्या भजनी मंडळालाही कळेल की हा अर्ज आपल्यासाठी आहे.

‘नॉनप्रॉफिट’साठी ‘ना नफा ना तोटा’ लिहू नका. ते किमतीबद्दल आहे : जितक्याला पडलं तितक्यालाच विकणं. संस्थेकडे वर्षअखेरीस शिल्लक राहिली तर काही बिघडत नाही, ती सभासदांत वाटायची नाही इतकंच. आपल्याकडे १८६०च्या सोसायटी कायद्याखाली किंवा १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्याला लोक नुसतं ‘संस्था’ म्हणतात. ‘नोंदणीकृत सार्वजनिक संस्था’ पुरेसं आहे.

आणखी एक. अर्जात ‘मॅचिंग’, म्हणजे दुसऱ्या बाजूनेही बरोबरीचा वाटा घालायची अट, असेल तर ‘समान निधी’ म्हणा. केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांमुळे तो ग्रंथालयांत रुळलाय. त्याच योजनांतल्या ‘असमान निधी’मध्ये मात्र नवखा माणूस अन्याय वाचतो, तिथे अर्थ इतकाच की राज्याच्या बरोबरीच्या वाट्याची अट नाही.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. मथळा असा केला : ‘भाषा, इतिहास व साहित्य या क्षेत्रांतील स्थानिक संस्थांसाठी संस्था-बळकटी अनुदान’. खाली एक ओळ : ‘हा निधी कार्यक्रमांसाठी नाही, संस्थेची घडी बसवण्यासाठी आहे : हिशेब, सूची, जागा, साधनं आणि माणसं.’ ‘माणसं’ हा शब्द शेवटी होता. काकांनी तो पहिला घ्यायला सांगितला, तसा घेतला. पुस्तकबांधणीची रक्कम वेगळ्या ओळीत मागितली आहे.