मदत हवी आहे: आईला डिमेन्शिया, दुपारी चारनंतर आवरत नाही (नागपूर)

कडुनिंब
आई ७६ वर्षांची, अल्झायमर्स, मधली पायरी. मनीषनगरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. सकाळ बरी जाते. चार वाजले की 'उमरेडला घरी जायचंय' सुरू. पिशवी भरून दाराशी उभी. अडवलं की हात उगारते. उन्हाळा लागल्यापासून जास्तच. आंघोळीलाही 'झाली माझी' म्हणते. औषधं: अल्झायमर्ससाठी डोनेपेझिल रात्री, बीपीची गोळी सकाळी. शुगर नाही. दिवसभर सोबतीला बाई असते. झोपेची गोळी सुरू करावी का?

पारिजात
गोळी सगळ्यात शेवटी, आणि तीही मेडिकलवाल्याला विचारून नाही. डिमेन्शियात काही शांत करणाऱ्या औषधांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, तोल जाऊन पडणंही वाढतं.

आधी एक सांगा: हे महिनाभरात हळूहळू वाढलं की दोन-तीन दिवसांत? दोन-तीन दिवसांत वाढलं असेल तर तो आजार पुढे सरकलेला नाही, शरीरात काहीतरी बिघडलंय. या वयात लघवीच्या इन्फेक्शनला ताप येईलच असं नाही. नुसता गोंधळ वाढतो. लघवीची रूटीन तपासणी आणि कल्चर (कुठले जंतू आहेत ते पाहायची तपासणी) करा. पोट किती दिवसांत साफ झालं नाही ते बाईंना विचारा. बीपीच्या गोळीच्या पट्टीवर क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड लिहिलं असेल तर रक्तातलं सोडियम तपासा. ते उतरलं की माणूस असाच भ्रमिष्ट वागतो. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. मधे सर्दीची गोळी दिली होती का, तेही आठवा. क्लोरफेनिरामाइन असलेल्या गोळ्यांनी विसराळूपणा आणि चिडचिड दोन्ही वाढतात.

गच्चीवरची_तुळस
ताई, चारचा गोंधळ दुपारी बारापासून आवरायला घ्यावा लागतो.

पाणी: तहान लागल्याचं त्यांना कळत नाही, म्हणून 'पाणी हवं का' हा प्रश्नच चुकीचा. दर तासाला अर्धा पेला, साधारण १०० ते १५० मिली, हातात द्यायचा आणि समोर बसून आपणही प्यायचं. पन्हं, पातळ ताक, वरणाचं पाणी, सगळं मोजायचं. बहुतेक पाणी संध्याकाळी सहाच्या आत, नाहीतर रात्री उठबस. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

झोप: दुपारी अर्धा-पाऊण तास, तीनच्या आत उठवा. तीननंतर चहा नाही.

उजेड: उन्हासाठी दिवसभर पडदे ओढलेले असतात, त्यामुळे खोलीत चारलाच तिन्हीसांज होते. साडेतीनला ट्यूबलाइट लावा, कोपरेसुद्धा उजळायला हवेत. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसून कुणी बाई घरात शिरली असं वाटतं, तेव्हा आरसा झाका.

'हेच तुझं घर' म्हणून पटवू नका, भांडणच होतं. 'उमरेडला जायचंय ना, मग एवढ्या शेंगा सोलून घेऊ' म्हणा. हाताला काम द्या: मेथी निवडणं, टॉवेलच्या घड्या. घडी मोडून पुन्हा दिली तरी चालते. आणि दाराशी उभ्या राहिल्या की आधी बाथरूमकडे न्या; पुष्कळदा लघवी लागलेली असते आणि सांगता येत नाही, म्हणून 'घरी' म्हणतात.

खसची_टट्टी
कूलरचं कुणी बोललं नाही. आवाजात आपलं अर्धं बोलणं त्यांना समजत नाही, मग त्या ओरडतात. बोलताना दोन मिनिटं बंद करा. दुसरं, पत्र्याच्या कूलरला ओला हात लावणं हा जिवाशी खेळ आहे. अर्थिंग तपासून घ्या, बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवा, पाणी भरताना प्लग काढायचा.

आंघोळ: 'करतेस का' विचारू नका. टॉवेल, गाऊन आधी मांडून ठेवा आणि 'पाणी काढलंय' एवढंच. डोक्यावर पाणी ओतलं की दचकतात; पायांपासून सुरुवात, मग हात, खांद्यावर टॉवेल तसाच राहू द्या. नंतर पाण्याचा तांब्या त्यांच्याच हातात द्या, सवयीने ओतू लागतात. पाणी कोपराने तपासा. रबरी पायांचं स्टूल ठेवा, आतली कडी काढून टाका. रोज नाही जमलं तर दिवसाआड. मधल्या दिवशी काखा, जांघा, स्तनांखालचा भाग ओल्या कपड्याने पुसून पूर्ण कोरडा करा. मे महिन्यात घामाने तिथेच फंगल होतं.

कडुनिंब
सगळ्यांचे आभार. उन्हाळ्यापासून थोडं होतंच, पण खरं वाढलंय ते या चार-पाच दिवसांतच, उद्याच तपासणी करते. लघवीचा नमुना कसा घ्यायचा? आणि बाई भाजी आणायला खाली जाते तेव्हा बाहेरून कुलूप लावून जाते, चालेल ना?

पारिजात
कुलूप नको. आग लागली, गॅस राहिला तर त्या अडकतील. भाजी घरपोच मागवा. आतून कडी नजरेच्या वर, दाराच्या अगदी माथ्याशी बसवा, आणि गॅसचा रेग्युलेटर स्वयंपाक झाला की बंद. गळ्यात किंवा बांगडीत फोन नंबर असू द्या, चौकीदाराला फोटो दाखवून ठेवा.

नमुना: सकाळी उठल्याबरोबर जागा साध्या पाण्याने धुऊन पुसा. कमोडवर बसवून पहिली धार जाऊ द्या, मधली लॅबच्या निर्जंतुक डबीत धरा. डायपरमधून पिळून घेतलेली लघवी कल्चरला उपयोगाची नाही. तासाभरात लॅबला द्या, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. आणि मधेच खूप सुस्ती आली, अंग तापून कोरडं लागलं किंवा पाणी गिळेना, तर लॅबच्या रिपोर्टची वाट पाहू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या.