सर्टिफिकेटची वाट कशाला बघायची?
एका ताईंनी लिहिलंय की मुलाला अध्ययन अक्षमता (म्हणजे वाचण्या-लिहिण्यात कायम अडचण) असली, तरी तसं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत शाळा काही करू शकत नाही. तसं नाहीये हो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम १६ बघा: अध्ययन अक्षमता लवकर ओळखून त्याप्रमाणे शिकवणं हे शाळेचंच काम. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक वगैरे कलम १७ मध्ये.

माझा भाचा तासगावला तिसरीत आहे. 'घर'चं 'धर' वाचायचा, वेलांटी हमखास उलटी. बाईंनी घ आणि ध वाळूत बोटानं गिरवून घेतले, एका वेळी एकच ओळ दिसेल अशी पुठ्ठ्याची खिडकी कापून दिली, परिसर अभ्यासाची उत्तरं तोंडी घेतली. खर्च काहीच नाही. (वाळूसुद्धा शेजारच्या बांधकामावरची!) मोठ्यानं वाचायला उभं करणं मात्र आधी थांबवायला सांगा, त्या धास्तीनंच रोज सकाळी याचं पोट दुखायचं.