जुन्या घरातल्या मत्तीच्या तुळया जळणाच्या भावात द्यायच्या का?

जांबोटी_वाट

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर. मागची भिंत पावसानं खचली म्हणून आजोबांच्या वेळचं घर उतरवायला काढलंय. माळ्याच्या तुळया मत्तीच्या, म्हणजे ऐनाच्या लाकडाच्या आहेत असं वडील सांगतात. सात इंची चौरस, बारा फूट लांब, रंग काळपट तपकिरी, दोघांना जागच्या हलत नाहीत. जुनं सामान घेणारा येऊन गेला. सागवानी चौकटी आणि खिडक्यांना त्यानं बरा भाव सांगितला, पण या तुळया जळणाच्या भावात मागतोय. बेळगावात दोन-तीन सुतारांना विचारलं तर "मत्ती नको, सागवान आणा नाहीतर प्लायवूडमध्ये करू" असंच उत्तर मिळालं.

मला यातून पाच फूट बाय तीन फूट जेवणाचं टेबल करायचंय. जमलं तर झोपाळ्याची फळीसुद्धा. हे लाकूड मत्तीच आहे हे कसं ओळखायचं, शिसव किंवा होन्नी (बिबळा) नसेल ना? फळ्या पाडल्यावर तडकेल का? आणि गडहिंग्लजच्या बहिणीला यातल्या दोन तुळया हव्यात, त्या पाठवायला काही अडचण येईल का?

निपाणी_सासर

दादा, विचार करून करा. आमच्या नव्या घराला मत्तीच्या चौकटी बसवल्या होत्या. विकणाऱ्यानं "एकदम वाळलेलं आहे" म्हणून दिलं आणि आम्ही विश्वास ठेवला. पहिल्याच उन्हाळ्यात दाराच्या चौकटीला पीळ पडला, उभ्या बाजूला बोट जाईल एवढी चीर गेली. आजही ते दार उचलून धरल्याशिवाय कडी लागत नाही. वर बाहेरच्या पांढऱ्या भागातून पिठासारखी पूड गळायला लागली ती वेगळीच. त्या पैशात थोडी भर घालून सागवान घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं सासूबाई अजून म्हणतात.

शहापूरचा_सुतार

जांबोटीवाले, तुळया जळणात देऊ नका हो. हात जोडून सांगतो.

वहिनींचं म्हणणं खरं आहे, पण त्यांना मिळालं ते ओलं लाकूड होतं आणि तुमच्याकडे आहे ते पुरतं वाळलेलं. मत्तीमध्ये सगळा फरक इथेच पडतो. खानापूर, लोंढा, नागरगाळीकडच्या रानात उन्हाळ्यात मत्तीच्या खोडावर फुगवटा दिसतो. तो टोचला की पाणी येतं, रानातल्या जुन्या माणसांना हे ठाऊक असतं. असलं लाकूड कापून लगेच उन्हात टाकलं की वरचा थर भराभर वाळून आकसतो, आतला ओलाच राहतो. मग चिरा पडणार नाहीत तर काय होणार? सागवान या बाबतीत समजूतदार. त्यात तेल असतं, ते आकसतं कमी, म्हणून घाईत काम करणाऱ्यालाही ते सांभाळून घेतं. मत्ती घाई सोसत नाही. जुनी माणसं ती ओली असतानाच चिरून घेत, टोकांना शेण नाहीतर रंग लावत, मध्ये रिपा, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, घालून सावलीत थप्पी रचत. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष असा अंदाज धरला जाई. आता एवढं कोण थांबतं? गिऱ्हाईकाला महिन्याभरात दार हवं असतं. लाकूड बदनाम झालं ते त्यामुळे.

तुमच्या तुळया दोन पिढ्या माळ्याखाली, चुलीच्या धगीत होत्या. जे आकसायचं ते आकसून झालंय. पडायच्या त्या चिरा आज डोळ्यांना दिसतात. त्या सोडून फळ्या पाडता येतात, नव्या लाकडात ही सोय नसते.

आता ओळख. सालीवरून मत्ती लांबूनही कळते, सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी फुटलेली असते. पण तासलेल्या तुळईला साल कुठली? तेव्हा एका कोपऱ्यावर रंधा मारून बघा. तपकिरीत काळपट पट्टे आणि हाताला खरखरीत पोत लागला तर मत्ती. शिसवात जांभळी झाक असते आणि ताज्या रंध्यानं गोडसर वास सुटतो, मत्तीला तसा वास नाही. होन्नी पिवळसर असते. तिची ढलपी काचेच्या ग्लासात पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी उजेडात पाण्यावर निळी झाक दिसते. मत्तीच्या पाण्यात ती येत नाही.

वजनानंही अंदाज येतो. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण 18 किलो, मत्ती 24 च्या पुढे. तुमची एक तुळई चार घनफुटांची, म्हणजे शंभर किलोच्या आसपास. टेबलाचा वरचा फळा सव्वा इंची केलात तर नुसता तोच 38 किलोंचा होईल, म्हणून पाय आणि खालची चौकट त्याच लाकडाची, भक्कम ठेवा. बारीक पायांचं, हलक्या बांध्याचं टेबल मत्तीत करू नये. तुळई, खांब, उंबरा, बैलगाडीची लाकडं, उखळ-मुसळ अशी जाड आणि मार खाणारी कामं हिची. तुमचं टेबल त्याच जातीचं काम आहे, म्हणून मला ते पटलं.

सुतार का नाही म्हणतात तेही सांगतो. मजुरी दुपटीच्या पुढे जाते आणि बरेच जण ती मागायला संकोचतात. साध्या करवतीची धार या लाकडापुढे टिकत नाही, कार्बाइडच्या दात्यांचं पातं लागतं. धागा उलटसुलट असतो. एका अंगाला रंधा सुरेख चालतो आणि वीतभर पुढे गेलं की ढलपे उपसून निघतात. पातं अगदी बारीक काढायचं, रंध्याचं तोंड अरुंद ठेवायचं आणि शेवटचा हात रंध्यानं न मारता पोलादी पट्टीनं खरवडून घ्यायचं. माझे वडील फुटलेल्या काचेच्या धारेनं खरवडायचे, काम आरशासारखं यायचं. खिळा सरळ ठोकू नका, वाकेल नाहीतर लाकूड फाटेल. प्रत्येक स्क्रूला आधी भोक. आणि स्क्रू पितळेचे घ्या. मत्तीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर आहे, ओलीत लोखंडाला लागलं की काळे डाग पडतात.

सॉमिलला नेण्याआधी चारही बाजूंनी दमदार चुंबक फिरवा. जुन्या तुळईत लोहारी खिळे मोडून आत राहिलेले असतात. पातं तुटलं तर खर्च तुमच्यावर येईल आणि पुढच्या वेळी तो मिलवाला जुनं लाकूड घेणार नाही. भिंतीत गाडलेली दोन्ही टोकं हातभर कापून टाका. ओल आणि वाळवी तिथूनच शिरते. कडेला पांढरा भाग राहिला असेल तर तोही काढा. वहिनींच्या घरी पूड पडली ती त्याच भागातून, भुंगा पांढऱ्यालाच लागतो.

तिलारी_काठ

आमच्या चंदगडाकडे यालाच ऐन म्हणतात. घराला किंजळ नाहीतर ऐन, हे ठरलेलंच असायचं. साल जाळून तिची राख पानाला चुना म्हणून लावणारी माणसं मी लहानपणी बघितलीत. तसरचा किडाही याच झाडाचा पाला खातो.

दोन गोष्टी सांगतो. एक, तुळयांत एखादी होन्नी निघालीच तर वाईट वाटून घेऊ नका, टिकायला ती मत्तीपेक्षा सरस आहे. फक्त ओल लागली की पिवळा रंग सोडते. चुना दिलेल्या भिंतीला खेटून ठेवली तर डाग जात नाही. पांढऱ्या कापडाखालीही नको.

दुसरं बहिणीच्या तुळयांचं. लाकूड जुनं, स्वतःच्या घरातलं, म्हणून कोण विचारणार असं समजून गाडी भरू नका. कर्नाटकातून महाराष्ट्रात जाताना, राज्याची हद्द ओलांडताना नाक्यावर वाहतुकीचा परवाना मागतात आणि तुमचा शब्द तिथे चालत नाही. आधी खानापूरच्या वनखात्याच्या कार्यालयात जा. घर उतरवल्याचा पंचायतीचा दाखला आणि तुळया घरात बसलेल्या असतानाचे फोटो सोबत न्या. घर अजून उभं आहे तोवर फोटो काढून ठेवा, नंतर ते मिळणार नाहीत.

जांबोटी_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. कोपऱ्यावर रंधा मारला. तपकिरीत काळे पट्टे आहेत, वास काहीच नाही. ढलपी रात्रभर पाण्यात ठेवली, निळं काही आलं नाही. म्हणजे मत्तीच. फोटोही काढून ठेवलेत. काका, अजून दोन शंका. फळ्या पाडल्या की लगेच टेबल जोडायला घेतलं तर चालेल? आणि पॉलिश कोणतं करू? घरी सगळे म्हणतात गडद रंग देऊन सागवानासारखं दाखव.

शहापूरचा_सुतार

लगेच जोडू नका. तुळई वाळलेली असली तरी चिरल्यावर आतली बाजू पहिल्यांदाच वाऱ्यावर येते, फळी थोडी हलते. हव्या त्या मापापेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, जाड पाडा आणि मध्ये रिपा घालून सावलीत, जमिनीपासून वर, वजन ठेवून रचा. मिरगाच्या आधी चिरून घेतलंत तर उत्तम. पावसाळाभर घरात राहू दे, दिवाळीनंतर जोडा. तोवर ज्या फळीला बाक यायचा तिला तो आलेला असेल, ती पायांसाठी वापरा. सरळ राहिलेल्या वर घ्या.

फळ्या एकमेकींना चिकटवताना कडा त्याच दिवशी रंधलेल्या असू द्या. एवढ्या दाट लाकडात डिंक सावकाश शिरतो आणि जुन्या, गुळगुळीत झालेल्या कडेवर तो धरत नाही. शिकंजा दुसऱ्या दिवसापर्यंत सोडू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरचा फळा खालच्या चौकटीला गच्च आवळू नका. तीन फूट रुंदीचा फळा तुमच्याकडच्या पावसात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, दोन-तीन सुतांचा फरक सहज पडतो. चौकटीतली स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट ठेवा म्हणजे फळ्याला सरकायला जागा राहील. नाहीतर वाळलेलं असो की ओलं, मधोमध फाटणारच. पाय आणि चौकटीचा सांधा मात्र एका लाकडाला भोक पाडून त्यात दुसऱ्याचं तासलेलं टोक, म्हणजे कूस, बसवून करा, स्क्रूच्या भरवशावर राहू नका.

रंगाबद्दल मी भांडेन. सागवानासारखं दाखवायला मत्ती कशाला हवी? तुमच्या तुळईतले काळे पट्टे रंगाखाली झाकायचे असतील तर लॅमिनेट लावा आणि मोकळे व्हा. जवसाचं तेल थोडं टर्पेंटाईन मिसळून कापडानं चोळा, जास्तीचं पुसून घ्या, दोन-तीन दिवस वाळू द्या, पुन्हा चोळा. चार हात झाले की पट्टे आपोआप वर येतात. लाखेचं पॉलिश जेवणाच्या टेबलाला नको, गरम भांड्याचा पांढरा गोल उमटतो. तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेते. पसरून बाहेर वाळवा.

झोपाळ्याची फळी एकसंध सात इंची मिळेल, तशा तीन जोडा, दीड इंच जाड. खालून दोन आडव्या पट्ट्या द्या, त्यांनाही लांबट भोकं. कड्या स्क्रूवर टांगू नका, आरपार बोल्ट आणि खाली रुंद वॉशर घाला. आणि टांगण्याआधी वरच्या कडीपाटाचं बघून घ्या, कारण नुसती फळीच तीसेक किलोंची होईल, वर माणसं बसणार ती वेगळी. फळ्या पाडल्या की फोटो टाका, कोणती फळी कुठे वापरायची ते रेषा बघून सांगतो.